चीफच्या नावाचं फायर स्टेशन

ड्वाइट रेनी आला तेव्हा माझी बहीण आयसलीन चिकन-डंपलिंग रांधत होती आणि मी तिच्या टेबलाशी बसून कोलार्डची पानं निवडत होते. ड्वाइट म्हणजे आमच्या हॅडली बेंडचा नगराध्यक्ष, पण आयसलीनच्या स्वयंपाकघरात तो कधी नगराध्यक्ष नसायचा. मागच्या दारानं आत यायचा, खुर्ची ओढायचा आणि वाडग्याची वाट बघत बसायचा. आयसलीनचा नवरा ओथा पिकेट हा गावच्या फायर ब्रिगेडातला पहिला काळा माणूस आणि पुढं पहिला काळा चीफ. त्याच्या हाताखाली ड्वाइटनं उमेदवारी केली होती. बंब चालवायला ओथानंच त्याला शिकवलं होतं.

"चीफ, बसूनच ऐका," ड्वाइट म्हणाला.

"मी हल्ली सगळं बसूनच ऐकतो," ओथा म्हणाला. त्याच्या नाकात ऑक्सिजनची नळी होती आणि खुर्चीमागं यंत्र घरघरत होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरांचा धूर त्यानं छातीत घेतला होता. आता तो धूर त्याचं घेणं वसूल करत होता.

"कौन्सिलनं ठरवलंय. आपल्या खालच्या फायर स्टेशनाला तुमचं नाव द्यायचं. फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी कार्यक्रम."

आयसलीननं पळी खाली ठेवली आणि तोंडाला पदर लावावा तसा एप्रन लावला. ओथा मात्र ड्वाइटकडं बघत राहिला.

"नावं मेलेल्या माणसांची देतात, ड्वाइट. मी अजून आहे."

"म्हणून तर घाई केली," ड्वाइट म्हणाला, आणि आम्ही सगळे हसलो.

त्यानं दोन वाडगे खाल्ले आणि जेवताना मान काही वर केली नाही. जेवणाऱ्याची मान खालीच असते, म्हणून मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

रविवारी चर्चमध्ये पाद्री होझिया लॅम्ब यांनी ही बातमी सांगितली तेव्हा सगळी मंडळी उभी राहिली. बायकांनी आयसलीनला मिठ्या मारल्या. फेब्रुवारी हा काळ्यांच्या इतिहासाचा महिना; तो आला की आमच्या लोकांचं कौतुक करायची आठवण गावाला होते, पण ते बहुधा लांबच्या आणि कधीच गेलेल्या माणसांचं. आमच्यातल्या, आमच्या बाकावर बसणाऱ्या माणसाचं नाव इमारतीवर लागणार होतं. आयसलीननं त्या आठवड्यात निळी टोपी घेतली. मी म्हटलं, "एवढी मोठी टोपी घालून बसलीस तर मागच्याला ओथा दिसायचा नाही." ती म्हणाली, "मागच्यानं लवकर यावं."

आठवडाभरानं बग डँट्झलर आला. त्याचं खरं नाव आता त्याच्या आईलाही आठवत नसेल. बग खालच्या फायर स्टेशनातला जुना फायरमन, पन्नाशीला आलेला. तो दर गुरुवारी ओथाचे सिलिंडर उतरवून द्यायचा. त्या दिवशी सिलिंडर ठेवून झाले तरी तो टोपी हातात फिरवत दारातच उभा राहिला.

"चीफ, तुम्हाला ड्वाइटनं सांगितलं असेल म्हणून मी काही बोललो नव्हतो."

"काय सांगितलं असेल?"

"एक मार्चपासून स्टेशन बंद होतंय. बंब वरच्या स्टेशनात नेणार. मला आणि दुसऱ्या गड्याला पण तिकडंच."

आयसलीन म्हणाली, "बग, तुझं काहीतरी चुकतंय. त्या स्टेशनाला यांचं नाव देतायत."

"हो, मिस आयसलीन." आमच्याकडं मोठ्या बाईला, लग्न झालेलीलाही, मानानं मिसच म्हणतात. "एकाच बैठकीत दोन्ही ठरलं."

यंत्राची घरघर तेवढी ऐकू येत होती. मग ओथा म्हणाला, "आयसलीन, माझे बूट कुठायत?"

हे स्टेशन म्हणजे ओथाला काय होतं, ते सांगायलाच हवं. आमचं गाव रेल्वेच्या रुळांनी दोन भागांत कापलेलं आहे. वर दुकानं, शाळा, टाऊन हॉल. खाली नदीच्या अंगाला आम्ही. आमच्या भागाला बॉटम म्हणतात. मालगाड्या येतात आणि फाटकावर उभ्या राहतात. कधी थोडा वेळ, कधी जेवण होऊन झोप काढून उठावं इतका वेळ. दुसरा रस्ता नदीकडून वळसा घालून जातो, तोही पाणी चढलं की बंद.

ओथा फायर ब्रिगेडात नवीन होता तेव्हा, एका दुपारी, मेब्रींच्या घराला आग लागली. आई कामावर होती, तीन लेकरं घरात. एकच फायर स्टेशन, तेही वर. बंब निघाला आणि फाटकावर मालगाडीपाशी थांबला. धूर समोर दिसत होता. ओथानं उडी टाकली आणि डब्यांच्या खालून सरपटत पलीकडं गेला, एकटाच, हातात कुऱ्हाड घेऊन. गाडी हलली असती तर तो तिथंच संपला असता. पळत पळत पोचला. एका लेकराला खिडकीतून बाहेर काढलं. ते त्याच्या हातातच गेलं. बाकीच्या दोघांपर्यंत त्याला पोचता आलं नाही.

त्यानंतर तो कौन्सिलच्या प्रत्येक बैठकीला जाऊन बसायला लागला. खाली एक बंब द्या, एवढंच मागणं. वर्षानुवर्षं. हसले, रागावले, रजा कापल्या, नोकरी घालवायची धमकी दिली. तो इस्त्रीचा शर्ट घालून पुन्हा पुढच्या बैठकीला हजर. शेवटी कंटाळून म्हणा, लाजून म्हणा, त्यांनी खाली पत्र्याच्या छपराचं एक स्टेशन बांधलं. तेव्हापासून बॉटममध्ये आगीनं लेकरू गेलेलं नाही. ओथाला पदकं बिदकं मिळाली, ती आयसलीननं कपाटात टाकून दिली. पण रोज संध्याकाळी तो गाडी काढून स्टेशनावरून एक चक्कर मारायचा, बंब जागेवर आहे का बघायला.

त्या गुरुवारी मीच गाडी चालवली. टाऊन हॉलच्या पायऱ्या चढायला ओथाला फार वेळ लागला. छोटा सिलिंडर मी धरला होता. ड्वाइट आम्हाला बघून उभा राहिला आणि दार लावून घेतलं.

"चीफ, मी तुमच्याकडं येणारच होतो."

"तू आला होतास. दोन वाडगे खाऊन गेलास."

ड्वाइट खाली बसला. "काय करू सांगा. माशांचा कारखाना गेला. निम्मं गाव मेम्फिसला नाहीतर शिकागोला निघून गेलं. स्टेशनाचं छप्पर गळतं. कौन्सिलला एकच स्टेशन ठेवायचंय. मी भांडलो. माझ्या बाजूनं दोघं, बाकी सगळे विरुद्ध, आणि त्यात आपलेही होते. मग मी म्हटलं, निदान चीफचं नाव तरी द्या."

"नाव."

"तेवढंच वाचवता आलं मला."

ओथानं श्वास गोळा केला. त्याला आता वाक्य बोलायच्या आधी श्वास गोळा करावा लागायचा. "ड्वाइट, गाडी फाटकावर उभी असली, की माझं नाव काय करणार? खाली उतरून पाणी मारणार?"

"रेल्वेवाले म्हणतात आता गाड्या कमी थांबतात."

"काल किती वेळ थांबली होती?"

ड्वाइटनं टेबलावरचे कागद सरळ केले. काल बॉटममधली पोरं शाळेतून घरी पोचेपर्यंत अंधारलं होतं, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

"पुढच्या मंगळवारी बैठक आहे," तो शेवटी म्हणाला. "तुम्ही येऊन बोला. तुमचं ऐकतील कदाचित."

ते 'कदाचित' त्यानं इतक्या हळू म्हटलं, की ऐकणार नाहीत हे तिथंच मला कळून चुकलं.

मंगळवारी आम्ही बॉटममधून जितके जण जमले तितके गेलो. ओथानं जुना गणवेश घातला होता. तो अंगावर लोंबत होता, जणू दुसऱ्या कुणाचा आणलाय. बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं. ओथा उभा राहिला, माईक धरला आणि मेब्रींच्या घरापासून सुरुवात केली. त्याला सगळं सांगायचं होतं. पण दर चार शब्दांनी श्वास संपायचा. तो थांबायचा, छातीवर हात ठेवायचा, पुन्हा सुरू करायचा. आम्ही सगळे त्याच्याबरोबर श्वास घेत होतो. तो डब्यांच्या खालून पलीकडं निघाला होता, म्हणजे गोष्टीत, तेवढ्यात घंटा वाजली.

"आभारी आहोत, चीफ पिकेट," अध्यक्षस्थानी बसलेला माणूस म्हणाला. "या गावाला तुमचा अभिमान आहे. आणि शनिवारी आपण तो साजरा करणारच आहोत."

आयसलीन जागेवरून उठली. "त्यांचं झालेलं नाही."

"बाई, नियम सगळ्यांना सारखा."

"त्यांना बोलायला वेळ लागतो. तुमच्याच आगी विझवून लागतो."

कुणीतरी टाळी वाजवली आणि मग एकटं पडून थांबलं. ओथानं माईक खाली ठेवला. तो रागावलेला नव्हता. मला वाटतं, रागावलेला असता तर बरं झालं असतं. पुन्हा मत घेतलं नाही. ठरलेलं ठरलेलंच राहिलं.

घरी येताना आयसलीन म्हणाली, "शनिवारी आपण जायचं नाही. टोपी मी परत करते."

"जायचं," ओथा म्हणाला.

"त्यांनी तुझं तोंड बंद केलं आणि आता हार घालणार. तू मान पुढं करणार?"

"जायचं," तो एवढंच म्हणाला.

शनिवारी ऊन पडलं होतं. शाळेचा बँड, खुर्च्या, लिंबू सरबत, पाद्री लॅम्बांची प्रार्थना, सगळं रीतसर. दारावरचं कापड ओढलं तसं ओथाचं नाव दिसलं, पितळेत कोरलेलं, छान मोठ्या अक्षरात. ड्वाइटनं भाषण केलं. बोलताना छातीला हात लावून तो दोनदा थांबला, आणि ते नाटक नव्हतं. मग त्यांनी ओथाला बोलायला सांगितलं.

"नावाबद्दल आभार," तो म्हणाला. "मी आत जाऊन बसतो."

लोकांना वाटलं दमला असेल. बगनं त्याला हात दिला. आत बंबाशेजारी फायरमन बूट घालायला बसतात ते लाकडी बाक आहे. ओथा तिथं बसला. लोक केक खाऊन गेले, खुर्च्या उचलल्या, बँडवाले गेले. मी त्याला न्यायला आत गेले.

"चल ओथा, गाडी लावलीये."

"मी इथंच आहे, लर्लीन. बंब इथं आहे तोवर."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी बाहेर जाऊन आयसलीनला बोलावलं. ती आत आली, त्याच्याकडं बघितलं, आणि तिचा चेहरा असा झाला की मला पुन्हा तसा बघायला नको.

त्या पहिल्या दिवसांत लोकांना उत्साह होता. बायका मक्याचा पाव आणि चवळी घेऊन यायच्या. बगनं घरून खाट आणली, ऑक्सिजनचं यंत्र तिथं जोडून दिलं. म्हातारे येऊन जुन्या आगींच्या गोष्टी सांगायचे. कौन्सिलच्या माणसांनी दोनदा येऊन समजूत घातली. त्यांची पंचाईत झाली होती. ज्याच्या नावाची पाटी दारावर, त्यालाच दाराबाहेर कसं ओढायचं?

एक मार्चला ओथासमोरून बंब न्यायला कुणी धजलं नाही, पण वीज गेली. कुणी मुद्दाम तोडली असं नाही. स्टेशन बंद व्हायचं म्हणून आधीच सांगून ठेवलेलं होतं, ते झालं. यंत्राची घरघर थांबली. आता फक्त सिलिंडर. एक संपला की दुसरा, आणि कंपनी ठरल्यापेक्षा जास्त द्यायला तयार नव्हती. पत्र्याखाली थंडी मरणाची. ओथाची नखं निळी पडायला लागली.

तिसऱ्या दिवशी आयसलीननं मला आणि बगला बाहेर जायला सांगितलं. आम्ही दारापलीकडं उभे राहिलो, पण पत्र्याच्या भिंती असल्या की खासगी काही राहत नाही.

"घरी चल," ती म्हणाली.

"नाही येत."

"तू मरशील इथं."

"तिथं पण मरणारच आहे. डॉक्टर काय म्हणाले तुलाही ठाऊक आहे."

"तिथं माझ्याजवळ मरशील."

आतून खाट करकरली.

"चाळीस वर्षं मी तुझे धुराचे कपडे धुतले," ती म्हणाली. "भोंगा वाजला की ताट तसंच टाकून जायचास. मी कधी म्हटलं का, जाऊ नको? आता म्हणतेय. एकदाच म्हणतेय, ओथा. मेब्रींची पोरं गेली. ती तुझ्यामुळं गेली नाहीत. तू काय देणं लागतोस अजून?"

"देणं नाही." श्वास. "पण पुढचं पोर कुणाचं असेल..." श्वास. "ते मला माहीत नाही ना."

आयसलीन बाहेर आली तेव्हा रडत नव्हती. मला म्हणाली, "गाडी काढ. ड्वाइटकडं."

ड्वाइटच्या घरी त्याची बायको दार उघडते तोच आयसलीन आत घुसली. ड्वाइट शर्टाची बटणं लावत होता.

"मिस आयसलीन..."

"ऐक. तू त्याला मारतोयस असं मी म्हणत नाही. तो हट्टी आहे, तो स्वतःच मरतोय. पण तू ते बघत बसलायस. मी तुला माझ्या टेबलावर जेवू घातलं. तुझ्या आईच्या दुखण्यात तू आमच्या घरी झोपायचास. मी तुझ्याकडं कधी काही मागितलं नाही. आज मागते." आणि माझी बहीण, जिनं चर्चखेरीज कुठं गुडघे टेकले नव्हते, ती त्या गालिच्यावर गुडघ्यांवर बसली. "मला माझा नवरा घरी आणून दे."

ड्वाइटनं तिला उठवायचा प्रयत्न केला. ती उठेना. शेवटी तोच तिच्यासमोर खाली बसला. दोघंही जमिनीवर, आणि मी दारात पर्स धरून उभी. अशा वेळी हातांचं काय करायचं, कुणाला कळतं?

"मला ते करता येईल," तो शेवटी म्हणाला. "आणीबाणी म्हणून नगराध्यक्षाला स्टेशन चालू ठेवता येतं, थोडे दिवस. पण कौन्सिल मला सोडणार नाही."

"सोडू नये," आयसलीन म्हणाली. "तू मोठा माणूस आहेस ना आता."

तो आमच्या गाडीतूनच आला. स्टेशनात शिरला तेव्हा ओथा खाटेवर आडवा होता, बग त्याचा हात चोळत होता. ड्वाइट वाकून म्हणाला, "चीफ, बंब इथंच राहतोय. मी हुकूम काढतोय. वीज दुपारपर्यंत येईल."

ओथानं डोळे उघडले. "किती दिवस?"

ड्वाइटला खोटं बोलता आलं असतं. "कौन्सिल पुन्हा बसेपर्यंत. मग मी पुन्हा भांडेन."

"भांड," ओथा म्हणाला. "पण छातीला हात लावून नाही. तोंडानं." मग त्याला खोकल्याची उबळ आली आणि बगनं त्याला उचलून गाडीत ठेवलं. वाटेत फाटक उघडं होतं. आम्ही वेळेत हॉस्पिटलात पोचलो, पण वेळ कधीच निघून गेली होती. आठवडाभर तो तिथं होता. आयसलीन खुर्चीत बसून राहिली. शेवटच्या दिवशी त्याला बोलता येत नव्हतं. तो बोटानं तिच्या तळहातावर काहीतरी लिहीत होता आणि तिला ते लागत नव्हतं. "पुन्हा लिही," ती म्हणायची. तो पुन्हा लिहायचा. तिला शेवटपर्यंत लागलं नाही.

कौन्सिल बसलं. अंत्यविधीला सगळं गाव आलं होतं, तेव्हा त्यांना पूर्ण बंद करायची हिंमत झाली नाही. तडजोड निघाली. दिवसा बंब खाली, दोन माणसं. रात्री सगळं वर. आग लागायची तर उजेडात लागावी, असा त्याचा अर्थ. ड्वाइट त्याविरुद्ध तोंडानं भांडला आणि पुढच्या निवडणुकीत पडला. आता तो ग्रीनव्हिलला नोकरी करतो आणि शनिवारी येऊन बगबरोबर लोकांना पाईप धरायला शिकवतो. रात्रीची पाळी आमचीच, बॉटममधल्यांची, बिनपगारी. पहिल्या दिवशी पाण्याच्या जोरानं मी चिखलात आडवी झाले आणि सगळे हसले. मीही हसले. आम्हाला पुरेसं येतं का? नाही. आम्हाला भीती वाटते का? रोज.

आयसलीननं अजून ओथाला माफ केलेलं नाही. दर फेब्रुवारीत पाद्री लॅम्ब तिला फुलं वाहायला बोलावतात, ती मला पाठवते. लोक म्हणतात, तुमच्या नवऱ्यानं बॉटम वाचवलं. ती म्हणते, "हो का," आणि विषय बदलते. एकदा मी तिला म्हटलं, "तो घरी आला असता तरी वाचला नसता ग." ती म्हणाली, "मला माहीत आहे. मी वाचायचं म्हणत नव्हते. मी घरी यायचं म्हणत होते."

ऑगस्टात कॅलोवेंच्या घराला आग लागली, भर दुपारी. म्हातारी आत झोपलेली. आमच्या अंगणासमोरून बंब गेला तेव्हा आयसलीन व्हरांड्यात आली, खांबाला धरून उभी राहिली आणि भोंगा थांबेपर्यंत हलली नाही. थोड्या वेळानं बगनं फोन करून सांगितलं, म्हातारी बाहेर काढली, खोकतेय पण शिव्या देतेय.

आयसलीननं फोन ठेवला. मग ती आत गेली आणि चवळी भिजत घातली, स्टेशनातल्यांनाही पुरेल इतकी.